मागची बाजू रद्दीत गेली: एका वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या वाचनालयाचं आणि गावाचं नाव मी या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. मला गावाची बदनामी करायची नाही. पत्र कुणाला आहे ते आपल्याला चार ओळींत कळेल. खान्देशातल्या दुसऱ्या एखाद्या वाचनालयाला, शाळेला, ट्रस्टला हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनीही ते आपलंच समजून वाचावं. अशी कपाटं गावोगाव आहेत. याआधी मी आपल्याकडे दोन अर्ज दिले. दोन्हींवर पोचेचा शिक्का मिळाला, उत्तर आलं नाही. कार्यवाहांना भेटलो तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, काका, स्कॅन आहेत ना, मग अडचण काय? प्रश्न त्यांनी सरळ मनाने विचारला होता. त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता आलं नाही, ते इथे देतो.

झालं ते असं. शताब्दीच्या स्मरणिकेसाठी आपण आतल्या खोलीतल्या कपाटातून जुन्या फोटो-कार्डांचे तीन आल्बम बाहेर काढले. काळ्या जाड पानांचे, कार्डांच्या कोपऱ्यांना कागदी खोबणी लावलेले. कार्डांच्या दर्शनी बाजू स्कॅन करून घेतल्या आणि निवडक फोटो छापले. स्मरणिका देखणी निघाली, मी तिच्या तीन प्रती विकत घेतल्या. त्यानंतरच्या सभेत जीर्ण साहित्य निर्लेखित, म्हणजे नोंदीतून बाद, करण्याचा ठराव झाला आणि जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांबरोबर हे तीन आल्बमही वजनावर रद्दीत गेले.

मला ते रद्दीवाल्याकडून कळलं. गेली वीस-बावीस वर्षं मी आजूबाजूच्या तालुक्यांतल्या रद्दीवाल्यांना सांगून ठेवलंय की जुनं कार्ड दिसलं तर बाजूला ठेवा. त्याचा फोन आला, "आप्पा, तुमना कामनं काहीतरी उनं शे." मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेलो. तोवर मोठा गठ्ठा लगद्याच्या कारखान्याकडे जाणाऱ्या टेम्पोत चढून गेला होता. एक फाटका आल्बम आणि सुटी कार्डं त्याने माझ्यासाठी वेगळी काढली होती. मोजली, एक्केचाळीस भरली. तीन आल्बममध्ये दोनशेच्या वर कार्डं होती. ती मी तरुणपणी आपल्याच टेबलावर बसून पाहिली आहेत.

मी भुसावळला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, सॉर्टर होतो. चौतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच सुरतेकडे जाणाऱ्या ताप्ती लाइनवर आणि नागपूरकडच्या गाड्यांत, डाकेच्या डब्यात उभ्याने टपाल छाटत. हाताखालून कार्ड जाताना त्याच्या दोन्ही बाजू बघायची सवय तिथे लागली. पत्ता एका बाजूला, तिकीट आणि शिक्का त्याच बाजूला, मजकूर कधी इथे कधी तिथे. चित्राचं कार्ड असेल तर चित्राकडे बघायला वेळच नसायचा. त्यामुळे मला कार्डाची मागची बाजू आधी दिसते आणि पुढची नंतर. छंद लागला तोही असाच. आठवडे बाजारात एका भांड्यांच्या दुकानात फोटोच्या कार्डांचा गठ्ठा मिळाला, त्यातल्या एकावर माझ्याच ऑफिसचा जुना शिक्का होता. आज माझ्याकडे सहाशेच्या आसपास कार्डं आहेत, बहुतेक खान्देशातली किंवा खान्देशात आलेली.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी ही कार्डं हातात घेतलेली नसतील, म्हणून थोडं सांगतो. पोस्टकार्ड जगात पहिल्यांदा निघालं ते ऑस्ट्रिया-हंगेरीत, १८६९ साली. आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचं कार्ड सुरू झालं. ते साधं, चित्राविना. चित्राची कार्डं नंतर आली, आणि त्यांत दोन जाती आहेत. एक छापील, म्हणजे मुंबई, कलकत्ता, लंडनच्या कंपन्यांनी यंत्रावर हजारोंनी काढलेली. त्यावर भिंग धरलं की बहुतेकदा ठिपके दिसतात. दुसरी खऱ्या फोटोची. कॅमेरे आणि कागद बनवणाऱ्या कंपन्या कार्डाच्या मापाचा फोटो-कागद विकायच्या, ज्याच्या पाठीवर पोस्टकार्डाचा मजकूर आधीच छापलेला असे. गावचा फोटोग्राफर काचेवरून थेट त्या कागदावर फोटो उतरवायचा. अशा कार्डावर भिंग धरलं तर ठिपके नसतात, सावली सलग असते, आणि फार जुनं असेल तर काळ्या भागात कडेला चांदी वर येऊन आरशासारखी चकाकते. या कार्डाच्या प्रती किती? दोन, चार, फार तर डझनभर. घरातल्यांनी वाटून घेतल्या, संपलं. मुंबईच्या मोठ्या इमारतीचं छापील कार्ड आज हरवलं तर उद्या दुसरं मिळेल. कापसातली सरकी काढणाऱ्या एखाद्या जिनच्या आवारात उभ्या असलेल्या बारा माणसांचं फोटो-कार्ड हरवलं तर ती बारा माणसं गेली.

आपल्या आल्बममध्ये बहुतेक दुसऱ्या जातीची कार्डं होती.

आता त्या एक्केचाळिसांतलं एक कार्ड आपल्यासमोर ठेवतो. हे आपल्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर आहे. पाच माणसं. मध्ये पागोटं घातलेले वडीलधारे गृहस्थ खुर्चीवर, शेजारी त्यांची पत्नी, मागे उभा मुलगा, उजवीकडे खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी असलेली नऊवारीतली तरुण बाई, खाली गालिच्यावर एक लहान पोर. मागे स्टुडिओचा पडदा, त्यावर रंगवलेला जिना. आपण ओळ दिली आहे, 'समृद्ध खान्देशी कुटुंब'. मूळ कार्डाचा वरचा उजवा कोपरा फाटलेला आहे. तो वाईट दिसत होता म्हणून आपल्या मुद्रकाने संगणकावर भरून पूर्ण केला. छपाईत तो कोपरा इतका बेमालूम झालाय की शंकाही येणार नाही.

तो कोपरा फाटलेला नव्हता. फाडलेला होता. घरात कुणी गेल्याची बातमी कळवायची असेल तर कार्डाचा कोपरा फाडून टाकायचे, म्हणजे पोस्टमनच्या हातातच कळायचं. शुभकार्याचं असेल तर हळद-कुंकवाचं बोट. माझ्या वयाच्या कुणालाही हे विचारा. मी स्वतः डब्यात अशी कार्डं छाटलेली आहेत, आणि कोपरा नसलेलं कार्ड हातात आलं की तोंडातल्या गप्पा थांबायच्या.

कार्ड उलटं केलं. तिकिटाच्या चौकोनात 'ॲझो' हे कागदाचं नाव आणि चार कोपऱ्यांत चार त्रिकोण, चारही वर तोंड केलेले. हा कागद साधारण १९०४ ते १९१८ या काळातला. पुढे दोन वर, दोन खाली असे त्रिकोण आले. कागद स्टुडिओत पाच-सात वर्षं पडून राहू शकतो, म्हणून एवढ्यावर विसंबून चालत नाही. तिकीट तीन पैचं, म्हणजे पाव आणा. १९२२ साली कार्डाचा दर अर्धा आणा झाला, तेव्हा कार्ड त्याआधीचं. पत्त्यात 'पूर्व खानदेश' आहे. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ साली झाले, तेव्हा कार्ड त्यानंतरचं. राहिला शिक्का. तो अर्धा पुसट आहे, पण तिरप्या उजेडात महिना आणि साल वाचता येतं. ऑक्टोबर १९१८.

मजकूर मोडीत आहे, तीन ओळी. मला मोडी अडखळत येते, म्हणून एका जाणत्या गुरुजींकडे घेऊन गेलो. त्यांनी एकदा मनात वाचलं आणि मग माझ्याकडे न बघता मोठ्याने वाचलं. सून मानमोडीच्या साथीत गेली. तिचा एवढाच फोटो आहे, तो पाठवतो आहोत. तिच्या आईस सांभाळून सांगावे.

खुर्चीवर हात टेकून उभी आहे ती ही. कार्ड तिच्या माहेरी आलं होतं. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. देशात एक कोटीहून अधिक माणसं त्यात गेली आणि मुंबई इलाख्यात सगळ्यांत वाईट महिने तेच होते, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. हे इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं होतं. खान्देशातल्या एका घरातला त्याचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. आणखी एक गोष्ट. कोपरा फाडलेलं कार्ड घरात ठेवत नसत. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं, अशी रीत. हे कार्ड त्या आईने रीत मोडून ठेवलं, कारण त्यावर लेक होती. पुढच्या पिढीने जपलं आणि त्यांच्यातल्या कुणीतरी विश्वासाने आपल्याकडे आणून दिलं.

आपल्याकडच्या स्कॅनमध्ये यातलं काय आहे? पाच माणसं आणि भरून काढलेला एक कोपरा. कार्यवाहसाहेब, अडचण ही आहे.

माझ्या तक्रारी मी जमतील तशा मांडतो.

कार्डाची फक्त एक बाजू स्कॅन झाली. एक्केचाळिसांपैकी सव्वीस कार्डांच्या पाठीवर मजकूर आहे. मराठी आहे, मोडी आहे, नंदुरबार-तळोद्याकडच्या चार कार्डांवर गुजराती आहे. ज्यांवर मजकूर नाही त्यांच्यावरही स्टुडिओचा रबरी शिक्का किंवा कागदाची खूण आहे. धुळे, जळगाव, भुसावळ इथल्या जुन्या फोटोग्राफरांची यादी कुणी करायला बसला, तर त्याला या शिक्क्यांशिवाय दुसरा आधार फारसा मिळणार नाही. जुन्या स्टुडिओंच्या काचा तर केव्हाच धुतल्या गेल्या. काचेवरचा थर गरम पाण्याने काढून त्या तसबिरींना लावल्याचं मी एका फ्रेमवाल्याच्या तोंडून ऐकलंय. काच गेली, आता कार्डही गेलं.

ओळी मनाने घातल्या गेल्या. स्मरणिकेच्या मधल्या पानांत कापसाच्या गाठींपुढे उभ्या माणसांचा फोटो आहे, त्याखाली आपल्याच गावची जिनिंग म्हणून लिहिलंय. ते कार्ड माझ्याकडे आहे. पाठीवर स्वच्छ बाळबोधीत लिहिलंय की फोटो धरणगावी काढला. आता ती स्मरणिका शाळांमध्ये गेली, विद्यार्थी प्रकल्पांत ते उतरवणार, आणि पन्नास वर्षांनी तेच पुरावा म्हणून दाखवलं जाणार. कार्ड उलटं करायला एक क्षण लागला असता.

तिकिटं काढली गेली. सात कार्डांवर तिकिटाच्या जागी नुसता खरवडलेला चौकोन आहे. हे अलीकडचं नसेल, पूर्वी कधी कुणा तिकीट जमवणाऱ्याने कपाटाशी बसून केलं असेल. तीन पैचं तिकीट बाजारात ढिगाने मिळतं. पण शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कार्डावर पडतो. तिकीट उपटलं की तारीख फाटली. तिकिटांच्या छंदातल्या माझ्या मित्रांनाही माझं हेच सांगणं असतं.

बारा कार्डं लॅमिनेट केली. भिंतीवर लावायला. हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. पण उष्णतेने वितळवून चिकटवलेलं प्लॅस्टिक जुन्या फोटोवरून परत काढता येत नाही. काढायला गेलं की फोटोचा थर त्याच्याबरोबर येतो. त्यातली दोन कार्डं माझ्याकडे आली आहेत, आतून पिवळी पडायला लागली आहेत. प्रदर्शनाला प्रत लावावी, मूळ कधी लावू नये.

देणाऱ्यांना विचारलं नाही. १९७० नंतरच्या काही वर्षांत आपल्याच वाचनालयाने गावात फिरून, घरोघरी विनंती करून ही कार्डं जमवली होती. देणाऱ्यांची नावं दाखल रजिस्टरात आहेत. त्यांच्या मुला-नातवंडांना एक निरोप गेला असता, की आम्हाला हे सांभाळणं होत नाही, परत घेऊन जा, तर निम्मी कार्डं आज घरोघरी सुखरूप असती.

आणि ज्या स्कॅनच्या भरवशावर हे सगळं झालं, ते आहेत कुठे? मी मागितले तेव्हा कळलं की एक पेनड्राइव्ह मुद्रकाकडे आहे, आणि काही फोटो व्हॉट्सॲपवर आले होते तेवढे ग्रंथपालांच्या फोनमध्ये आहेत. मोबाइलवरून आलेला फोटो वाटेत लहान होऊन येतो. त्यात शिक्क्यावरची तारीख वाचता येत नाही, खुर्चीच्या पायाशी लिहिलेलं स्टुडिओचं नाव दिसत नाही. स्मरणिकेच्या पानाला पुरेल एवढंच ते स्कॅनिंग होतं.

आपली अडचण मला दिसते. जागा नाही, अनुदान वेळेवर येत नाही, ग्रंथपाल एकटा, त्याचा पगार किती ते मला माहीत आहे. पत्र्याचं छप्पर आणि आपल्याकडचा मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा त्या आतल्या खोलीत माणूस बसत नाही, तर फोटोचं काय होणार. पावसाळ्यात बुरशी, बाकी वर्षभर कसर. सांभाळणं जमत नाही असं म्हणणं गुन्हा नाही. पण सांभाळता येत नाही आणि ठेवायच्या लायकीचं नाही यांत फरक आहे. ठराव करताना तो फरक केला गेला नाही.

दोनशे कार्डांना लागतं तरी काय? लोखंडी कपाटातला एक खालचा कप्पा, जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून लांब. आम्लविरहित कागदाची पाकिटं. प्लॅस्टिकच हवं असेल तर पॉलिस्टरचं, बाजारातलं पीव्हीसीचं नको, ते कालांतराने फोटोला चिकटतं. सेलोटेप नाही, डिंक नाही, पाठीवर बॉलपेन नाही. नंबर घालायचा तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. चार-दोन हजार रुपयांत हे बसतं. शताब्दीच्या मंडपाचं भाडं मी विचारलेलं नाही आणि इथे त्याची तुलनाही करत नाही. खर्च आपल्या आवाक्यातला आहे एवढंच सांगतो.

हे मी दूरच्या कुणा परदेशी संग्रहालयाचा दाखला देऊन मागत नाही. आपल्याच भागात हे झालेलं आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची, फडताळांतली दप्तरं गोळा करत राहिले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले, आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे कागद सांभाळायला धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मठामठांतून जमवली आणि समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवली. चाळीसगावला स्टेशनाजवळच्या बंगल्यात केकी मूस पन्नासएक वर्षं जवळजवळ बाहेर न पडता फोटो काढत राहिले. १९८९ साली ते गेले, आणि त्यांचं घर आज संग्रहालय म्हणून उभं आहे. जळगावला बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ आहे. आपल्याला तीन आल्बम जड झाले होते, तर यांपैकी कुणालाही एक पत्र लिहून विचारता आलं असतं. आपल्या कार्यकारी मंडळाच्या सभासदांत इतिहासाचे दोन प्राध्यापक आहेत, त्यांनी त्या सभेत काय म्हटलं हे इतिवृत्तात नाही.

राजवाड्यांच्या काळी लोक जुने कागद नदीत सोडत, पुड्या बांधायला देत. त्यांना त्यांची किंमत ठाऊक नव्हती. आपण तर पुस्तकं सांभाळायला जन्माला आलेली संस्था आहात.

आता मागण्या.

पहिली आणि तातडीची. आतल्या खोलीत अजून दोन पत्र्याच्या पेट्या आहेत. एकीत मिल कामगारांच्या मेळाव्यांचे आणि शाळांचे गट-फोटो आहेत असं जुन्या ग्रंथपालांनी मला सांगितलंय, दुसरी कित्येक वर्षं उघडलेली नाही. या पेट्यांतला एकही कागद, त्याची यादी झाल्याशिवाय, वाचनालयाच्या बाहेर जाऊ नये. तसा ठराव येत्या सभेत करावा. यादी करायला मी येतो. पैसे नकोत, टेबल आणि उजेडाची खिडकी हवी.

दुसरी, यापुढे फोटो, हस्तलिखित, पत्रव्यवहार, वह्या असं एकाच प्रतीचं साहित्य निर्लेखनाच्या साध्या यादीत टाकू नये. ग्रंथ बाद करण्याचे नियम ज्या पुस्तकाची दुसरी प्रत मिळते त्याच्यासाठी ठीक आहेत. एकुलत्या वस्तूसाठी आधी फलकावर आणि स्थानिक वर्तमानपत्रात महिनाभर सूचना, देणाऱ्यांच्या घरी निरोप, मग राजवाडे मंडळ किंवा विद्यापीठाला पत्र, आणि कुणीच घेतलं नाही तरच पुढचा विचार. वाचनालय १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदान घेतं, तेव्हा एवढं विचारण्याचा हक्क गावाला आहे असं मी मानतो.

स्कॅन पुन्हा करावं लागेल, जे उरलंय त्याचं. दोन्ही बाजू, कडांसकट, निदान ६०० डीपीआयवर, कोपरा न भरता, डाग न पुसता. फाइलच्या नावात दाखल क्रमांक असावा. एक प्रत वाचनालयात, एक गावाबाहेर दुसऱ्या संस्थेकडे. मुद्रकाकडचा पेनड्राइव्ह या आठवड्यात परत आणावा, कारण जी कार्डं लगद्यात गेली त्यांची आता तीच एक बाजू शिल्लक आहे.

स्मरणिकेसाठी एक पानी शुद्धिपत्र काढावं. धरणगावचा फोटो धरणगावचा म्हणून सांगावा. मुखपृष्ठाखालची ओळ बदलावी. त्या बाईचं नाव कार्डावर नाही, फक्त सून म्हटलंय, म्हणून नाव देता येणार नाही. पण ती ऑक्टोबर १९१८ मध्ये साथीत गेली आणि तिच्या आईने हा फोटो ठेवला, हे दोन ओळींत लिहिता येईल. शुद्धिपत्राच्या छपाईचा खर्च मी देतो.

हे झालं तर माझ्याकडची एक्केचाळीस कार्डं मी वाचनालयाला परत करीन. मी ती रद्दीच्या भावाने घेतली आहेत, पावती माझ्याकडे आहे, कायद्याने ती माझी आहेत. मुंबईहून एका व्यापाऱ्याने त्यांतल्या नऊ कार्डांना चांगली किंमत सांगितली आहे. तो ती सुटी सुटी विकेल, मानमोडीचं कार्ड एका शहरात जाईल आणि जिनिंगचं दुसऱ्या, आणि ती एका आल्बममध्ये शेजारी होती हे कुणाला कळणार नाही. मला ती विकायची नाहीत. ती ज्या गावाने दिली त्या गावात राहावीत. पण कप्पा, यादी आणि ठराव झाल्याशिवाय मी ती हातची सोडणार नाही.

शेवटी माझ्या घरचं. ते आधी लिहिलं असतं तर आपण सगळं पत्र त्याच्याच चष्म्यातून वाचलं असतं, म्हणून मागे ठेवलं.

स्मरणिकेच्या एकतिसाव्या पानावर खादीची टोपी घातलेल्या एका तरुणाचा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'एक अज्ञात स्वातंत्र्यसैनिक'. ते माझे आजोबा, आईचे वडील. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, त्याला ते स्वयंसेवक म्हणून गेले होते. तिथेच त्यांनी तो फोटो काढून घेतला आणि कार्ड घरी टाकलं. आई तेव्हा दोन वर्षांची. १९७४ साली आपले कार्यकर्ते आमच्या घरी आले तेव्हा आईने ते कार्ड ट्रंकेतून काढून त्यांच्या हातात दिलं. मी म्हटलं, अगं, आजोबांचं दुसरं काही नाही आपल्याकडे. ती म्हणाली, घरात राहिलं तर आपल्यापुरतं राहील, तिथे गावाचं होईल. पुढे ती वर्षा-दोन वर्षांनी वाचनालयात जायची, आल्बम मागायची, कार्ड खोबणीतून काढून उलटं करून वाचायची आणि परत लावायची. ती गेली त्याला आता अकरा वर्षं झाली. त्या एक्केचाळीस कार्डांत ते नाही.

फोटो माझ्याकडे आहे, स्मरणिकेत आहे. पाठीची बाजू कुठेच नाही. म्हणून ती आठवेल तशी इथे लिहून ठेवतो. डावीकडे शिसपेन्सिलीने मजकूर, अक्षर उजवीकडे झुकलेलं. तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. सुखरूप पोचलो. गर्दी जत्रेच्या तिप्पट आहे. नेहरूंना लांबून पाहिले. छोटीसाठी पायातले घुंगरू घेतले आहेत, ते तिला आधी सांगू नये. उजवीकडे शाईने पत्ता, जिल्हा पूर्व खानदेश. पंचम जॉर्जचं हिरवं नऊ पैचं तिकीट, त्यावर अर्धवट उमटलेला शिक्का. पत्त्याच्या खाली, बऱ्याच नंतरच्या निळ्या शाईत, आईच्या हातचं देणगीचं साल आणि तिचं सासरचं आडनाव. खालच्या डाव्या कोपऱ्यात पणतीच्या तेलाचा रुपयाएवढा डाग.

हे कार्ड कुणाच्या गठ्ठ्यात, जुन्या पुस्तकात, रद्दीच्या दुकानात, एखाद्या संग्रहात निघालं, तर ते मला आणून देऊ नका. वाचनालयात न्या, दाखल रजिस्टरात त्याचा जुना क्रमांक शोधायला सांगा, आणि नोंद झालेली डोळ्यांनी पाहूनच परत या.

आपला,
वाचनालयाचा आजीव सभासद,
निवृत्त सॉर्टर, आरएमएस, भुसावळ